जर्मनीत ट्रक चालवायला यायचंय, पण विनाचालक ट्रक आले तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, कराड, आठ वर्षं पुणे–बंगळूर ट्रेलर, हेवी लायसन. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून जर्मनी डोक्यात आहे. पण तिथं ट्रक आपोआप चालायला लागले तर सगळा खटाटोप पाण्यात जाईल का?

भीती खोटी नाही, पण सगळ्या ट्रकचालकांना सारखी लागू नाही. हॅम्बर्ग बंदरातल्या आल्टेनवेर्डर टर्मिनलवर २००२ पासून कंटेनर विनाचालक गाड्यांवरून फिरतात. त्याच टर्मिनलच्या फाटकावर कंटेनर न्यायला येणारा ट्रक मात्र माणूसच चालवतो. कुंपणाच्या आत सायकलवाला नाही, रस्ता उकरलेला नाही, वाट ठरलेली. खुल्या रस्त्यावर प्रकरण फार सावकाश सरकतं. अमेरिकेत ऑरोरा कंपनीनं २०२५ मध्ये डॅलस–ह्यूस्टन मार्गावर चालकाविना ट्रक सोडले, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून पुढच्या सीटवर पुन्हा माणूस बसवावा लागला.

जर्मनीत २०२१ पासून कायदा आहे. मंजूर केलेल्या ठरावीक क्षेत्रात विनाचालक वाहन चालवता येतं, पण त्यावर दूरून तांत्रिक देखरेख ठेवणारी व्यक्ती लागते. त्या व्यक्तीसाठी इंजिनिअर किंवा प्रमाणित तंत्रज्ञाची पात्रता मागितली आहे. त्यामुळे ‘चालक उद्या कंट्रोल रूममध्ये बसतील’ हे एजंटनं सांगितलं तर त्यावर हिशोब मांडू नका.

यंत्राला सर्वांत सोपं काम म्हणजे एका डेपोतून निघून रात्रभर ऑटोबानवरून (जर्मनीतल्या महामार्गावरून) दुसऱ्या डेपोत जाणं. धोका असलाच तर पहिला तिथं. बाकीच्या कामात स्टिअरिंगचा वाटा वाटतो त्यापेक्षा कमी आहे, आणि इथं जर्मनीत गाडीवर क्लीनर नसतो. ट्रेलर जोडायचं उदाहरण घ्या. किंगपिन (ट्रेलरखालची जोडखुंटी) बसला, लॉक लागलं हे वाकून डोळ्यांनी बघायचं. मग हवेचे पाइप: आधी पिवळा, नंतर लाल. लाल पाइपातून हवा गेली की ट्रेलरचा आपोआप लागलेला ब्रेक सुटतो. लाल पाइप आधी जोडला आणि पार्किंग ब्रेक लावायचा राहिला असेल, तर ट्रेलर जागचा हलतो आणि तुम्ही दोन गाड्यांच्या मधे उभे असता. काढताना उलट, आधी लाल.

माल बांधणं हा तर वेगळाच विषय. आपल्याकडे रस्सी ओढून ताडपत्री टाकली की झालं. इथं मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढं आणि ०.५ पट बाजूला व मागं धरून हिशोब करतात. पट्ट्यावरची चिठ्ठी फाटून वाचता येत नसेल तर पट्टा बाद. पट्टा मालावरून ९० अंशांच्या जवळ उतरला तर पूर्ण दाब मिळतो, ३० अंशांनी उतरला तर निम्माच. बुटक्या, रुंद मालावर पट्टा आडवाच उतरतो, म्हणून तो फसवतो. तिथं खाली रबरी मॅट घालून घर्षण वाढवायचं.

म्हणून नोकरी शोधताना कंपनी काय वाहते ते आधी विचारा. शहरातलं वाटप, टँकर, ट्रकवर क्रेन असलेलं बांधकाम साहित्य: यात माणूस बराच काळ लागेल. धोकादायक मालासाठी एडीआर प्रमाणपत्र लागतं, ते ५ वर्षं चालतं, टँकरसाठी जादा कोर्स. नुसती रात्रीची डेपो-ते-डेपो लाइन देत असतील तर सुरुवातीला घ्या, पण तिथंच मुक्काम ठोकू नका.

त्याआधी खरा अडसर कागदांचा आहे. इथं राहायला आल्यावर भारतीय लायसन फक्त ६ महिने चालतं. भारताशी थेट बदलीची सोय नाही, त्यामुळे लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती मात्र नाही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. शिवाय व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी: घाईच्या मार्गानं १४० तासांचं प्रशिक्षण, त्यातले १० तास गाडीवर, आणि शेवटी आयएचकेची (स्थानिक उद्योग-व्यापार मंडळाची) ९० मिनिटांची लेखी परीक्षा. पुढं दर ५ वर्षांनी ३५ तासांची उजळणी. व्हिसासाठी जर्मन भाषा सक्तीची नसली तरी बी१ या मधल्या पातळीपर्यंत शिकूनच निघा. इथं लोक गाडीवर नाही, जर्मनवर अडकतात.

लायसन आणि पात्रता मिळवण्यासाठी कंपनीच्या करारावर १५ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा परवाना मिळतो. त्या करारात तीन गोष्टी बघा: फी कोण भरणार, नापास झालात तर काय, आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत मागणार. तिसऱ्या कलमात आकडा आणि मुदत नसेल तर सही करू नका.

रोजच्या कामात सर्वांत जास्त फसतात ते विश्रांतीच्या नियमात. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं. तुकडे करता येतात, पण आधी १५, मग ३०. उलट केलंत तर टॅकोग्राफ (चालवण्याच्या-थांबण्याच्या वेळा नोंदवणारं यंत्र) ते धरत नाही आणि दंड होतो.

आणि निघण्याआधी आरटीओत जाऊन हेवीचं नूतनीकरण करून घ्या. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत ५ वर्षांचीच असते. परीक्षांच्या मधेच ती संपली, तर परदेशातून ते काम निस्तरणं फार जड जातं.