रिकामा हूक आणि मागचं वजन

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

क्रेनच्या काउंटरवेटबद्दल, म्हणजे तोल राखायला मागे लावलेल्या वजनाबद्दल, या महिन्यात बरीच पत्रं आली. पवनचक्क्यांच्या साइटवरून, एमआयडीसीतून, बांधकामावरून. सगळ्यांचा रोख एकच दिसला: माल उचलताना क्रेन पुढे पडू नये. मागे पडण्याबद्दल मात्र एकानेही विचारलेलं नाही, म्हणून उत्तरं थोडी त्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): आमच्या भागात पवनचक्क्यांच्या उभारणीला दोन तऱ्हेच्या क्रॉलर (पट्ट्यांवर चालणाऱ्या) क्रेन येतात. एकीचं जादा वजन मागे ट्रेमध्ये टांगलेलं असतं, दुसरीचं क्रेनच्याच पाठीवर मागे-पुढे सरकतं. वजन मागे नेल्याने ताकद वाढते, तर ते कायमचं मागेच का ठेवत नाहीत? सरकवायचा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: हिशेब मांडूनच पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या एका मॉडेलचे नाहीत.

बूम (माल उचलणारा लांब हात) आणि काउंटरवेट सोडून क्रेनचं वजन ६० टन, ते मध्यावर. फिरण्याच्या मध्यापासून पुढची आणि मागची उलटण्याची कड प्रत्येकी ३.५ मीटरवर. काउंटरवेट ८० टन. बूम १२ टनांचा, त्याचा गुरुत्वमध्य ८ मीटर पुढे. माल १६ मीटर रेडियसवर (फिरण्याच्या मध्यापासूनच्या अंतरावर), म्हणजे पुढच्या कडेपासून १२.५ मीटर.

काउंटरवेट मध्यापासून ५ मीटर मागे असेल, तर पुढच्या कडेभोवती क्रेनला धरून ठेवणारा मोमेंट (वजन गुणिले कडेपासूनचं अंतर) होतो ६० × ३.५ अधिक ८० × ८.५, म्हणजे ८९० टन-मीटर. त्यातून बूमचे १२ × ४.५ = ५४ वजा केले की उरतात ८३६. त्याला १२.५ ने भागलं, की सुमारे ६७ टनांवर क्रेन उलटते. क्रॉलरला उलटणाऱ्या वजनाच्या ७५ टक्के धरण्याची पद्धत आहे, म्हणजे चार्टवर (किती अंतरावर किती उचलायचं याच्या कंपनीच्या तक्त्यावर) ५० टन. आता तेच ८० टन ९ मीटरवर न्या. मोमेंट १,२१० होतो, बूम वजा जाता १,१५६. उलटण्याचं वजन ९२ टनांवर आणि चार्टचा आकडा ६९ टनांवर जातो. एक किलो लोखंड न वाढवता १९ टन मिळाले. इथवरचा हिशेब सगळ्यांना आवडतो.

आता माल काढा आणि मागच्या कडेभोवती हिशेब करा. वजन ५ मीटरवर असताना ते मागे ओढतं ८० × १.५ = १२० टन-मीटर. त्याला अडवतात ६० × ३.५ = २१० आणि बूमचे १२ × ११.५ = १३८, मिळून ३४८. क्रेन निवांत उभी. वजन ९ मीटरवर असेल तर ओढ ८० × ५.५ = ४४० आणि अडवायला तेच ३४८. रिकाम्या हुकाची क्रेन बूमसकट पाठीवर जाणार. बूम उभा केला आणि त्याचा गुरुत्वमध्य ३ मीटरवर आला, तर अडवणारा मोमेंट २८८ वरच येतो. मग वजन ७ मीटरवर असलं (ओढ २८०) तरी तोल काठावरच.

म्हणजे लांबचं वजन माल असेपर्यंतच सोबती असतं. यावर दोन उपाय निघाले आणि तुम्ही पाहता त्या दोन तऱ्हेच्या क्रेन तेच दोन उपाय आहेत.

टांगलेल्या ट्रेच्या क्रेनमध्ये, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे सुपरलिफ्ट म्हणतात तिच्यात, माल नसताना ट्रे जमिनीवर टेकलेला असतो. जमिनीवर टेकलेलं वजन क्रेनला मागे ओढत नाही. माल उचलला जातो तसा मागच्या मास्टच्या (खांबाच्या) पेंडंटमध्ये, म्हणजे ट्रे धरणाऱ्या ओढींमध्ये, ताण येतो आणि ट्रे सुटतो. वजन पाठीवर सरकणाऱ्या क्रेनमध्ये, उदाहरणार्थ मॅनिटोवॉकच्या एमएलसी ३०० आणि एमएलसी ६५० मध्ये, काउंटरवेट बूमच्या कोनाशी बांधलेलं असतं. बूम झुकला की वजन मागे जातं, उभा झाला की आत येतं. बूम झुकलेला असताना त्याचं स्वतःचं वजनच पुढे गेलेलं असतं, म्हणून हूक रिकामा असला तरी मागची बाजू सांभाळली जाते. वरच्या उदाहरणात ८० टन ९ मीटरवर न्यायचे, तर नुसता तोल साधायलाच बूमचा गुरुत्वमध्य १५.७ मीटर पुढे हवा. तो तेवढा गेला नसेल, तर कंट्रोलने वजन तिथे जाऊच देता कामा नये. म्हणून हे कंट्रोल बंद करणाऱ्या बायपासची किल्ली ऑपरेटरच्या खिशात नको, साइट इंजिनिअरच्या कुलपात हवी.

दोन्हींत उजवी कोणती, हे जागेवर ठरतं. सरकत्या वजनाला मागे जमीन तयार करावी लागत नाही, माल असो नसो क्रेन फिरते. ट्रेची क्रेन मात्र त्याच आकारात बरंच जास्त उचलते, आणि नॅसेलसारखा (पवनचक्कीच्या माथ्यावरचा जनित्राचा डबा) एकच अवजड नग असेल तर तो खटाटोप परवडतो.

प्रश्न (भूम): आमच्या साइटवर मालाने जमीन सोडली, तरी ट्रे जमिनीवरून सुटला नाही. ऑपरेटर म्हणाला, थोडं फिरवून बघतो, सुटेल. फिरवू द्यावं का?

उत्तर: अजिबात नाही. टेकलेला ट्रे घासत नेला, की आडवा जोर मागच्या मास्टवर आणि पेंडंटवर येतो. ते भाग उभ्या ओढीसाठी बनवलेले असतात, बाजूच्या ओढीसाठी नाहीत. पेंडंटच्या पिना आणि मास्टचे लेसिंग पाइप (आडवेतिडवे जोडपाइप) तिथेच वाकतात. त्या वेळी काही दिसत नाही, आणि पुढच्या उचलीला तुटतात.

ट्रे सुटत नाही म्हणजे त्या मालाला, त्या रेडियसला, ट्रेमध्ये वजन जास्त झालं आहे. माल परत खाली टेकवा, चार्ट उघडा, आणि दोन्ही बाजूंच्या स्लॅब (वजनाचे ठोकळे) सारख्या काढा. एकाच बाजूच्या काढल्या तर ट्रे तिरका लटकेल. काही क्रेनमध्ये ट्रेचं अंतर सिलिंडरने कमी करता येतं. तसं असेल तर स्लॅब काढण्याआधी ते करून पाहा.

क्रम असा ठेवा: माल आणि ट्रे या दोन्हींवर नजर ठेवणारे वेगवेगळे सिग्नलमन, दोघांकडे वॉकीटॉकी. माल सावकाश घ्यायचा. ट्रे जमिनीपासून १०० ते २०० मिलिमीटर सुटला की थांबायचं, पाच मिनिटं तसंच धरायचं, मग फिरवायचं. ट्रे याहून वर नेऊ नये. कारण साधं आहे: स्लिंग तुटली किंवा माल अचानक कुठे टेकला, तर क्रेन मागे झुकते आणि ट्रे खाली टेकून तिला धरतो. खाली अर्धा फूट अंतर असेल तर धक्का बसतो. दीड मीटर असेल तर तोवर बूम बॅकस्टॉपवर (त्याला मागे पडू न देणाऱ्या अडणीवर) आदळलेला असतो.

जिथे माल उचलता तिथली जमीन सपाट करून भागत नाही. ट्रे ज्या कमानीत फिरणार ती सगळी पट्टी एका पातळीत हवी, आणि माल ठेवायच्या जागी ट्रे जिथे टेकणार तिथे तर हवीच. धाराशिव-बीडच्या माळावर जागा उताराची असते, ट्रे एका टोकाला सुटतो आणि दुसऱ्या टोकाला दगडाला लागतो. आखणी करताना चुन्याने ती कमान मारून घ्या.

वाऱ्याचं इथेच सांगून टाकतो. लांब बूमच्या चार्टवर बहुधा सेकंदाला ९ मीटरच्या आसपास मर्यादा असते. पातं उचलताना त्याहूनही कमी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९ चे १२ झाले की दाब पावणेदोन पटींच्या वर जातो. हूक रिकामा, बूम उभा आणि वारा समोरून, हा योग टाळा. तोच वारा बूमला मागे ढकलतो.

प्रश्न (वाळूज): शेडमध्ये मशिन हलवताना हायड्राची (माल उचलून चालणाऱ्या चाकांच्या छोट्या क्रेनची) मागची चाकं उचलली जातात. ड्रायव्हर मागे चार-पाच पोरं उभी करतो. काही जण मागे प्लेटा वेल्ड करून घेतात. यात धोका किती?

उत्तर: फायदा किती, ते आधी पाहा. सत्तर किलोचे चौघे, म्हणजे २८० किलो. पुढच्या चाकांपासून साडेतीन मीटर मागे धरले तर ०.९८ टन-मीटर. माल पुढच्या चाकांपासून ३ मीटरवर असेल, तर जास्तीचे मिळाले सव्वातीनशे किलो. माल टेकला किंवा बेल्ट सरकला की मागची बाजू धाडकन खाली येते आणि पोरं चाकाखाली किंवा भिंतीवर. सव्वातीनशे किलोंसाठी.

प्लेटांचा घोटाळा वेगळा आहे. चार्टचे सगळे आकडे उलटण्यावर ठरलेले नसतात. जवळच्या रेडियसचे आकडे बूम, रोप आणि पिनांच्या ताकदीवर ठरतात. बऱ्याच चार्टमध्ये मधली जाड रेघ हेच सांगते. तिथे मागे वजन वाढवून बूमची ताकद कणभरही वाढत नाही. शिवाय मागची चाकं हलकी होणं हाच ड्रायव्हरला मिळणारा इशारा असतो. प्लेटा लावल्या की तो इशारा बंद होतो आणि पहिली खबर बूमच्या वेल्डिंगला गेलेल्या तड्याची मिळते. मागच्या चाकांवर स्टिअरिंग असलेल्या हायड्रात चाकं हलकी झाली की गाडी वळतही नाही.

माल पुढच्या चाकांच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, बूम आत घ्या, माल जमिनीपासून वीतभरच वर ठेवून चाला. तरी चाकं सुटत असतील तर मोठी क्रेन बोलवा.

प्रश्न (लातूर): टॉवर क्रेनचे काउंटरवेटचे काँक्रीट ब्लॉक साइटवरच ओतायचे आहेत. चालेल का?

उत्तर: चालतं, पण कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे, आणि प्रत्येक ब्लॉकचं वजन करून. १.५ × १.२ × ०.६ मीटरचा ब्लॉक म्हणजे १.०८ घनमीटर. सळईसकट २.५ टनांची घनता धरली तर २.७ टन. पण व्हायब्रेटर नीट चालला नाही आणि घनता २.३५ च आली, तर ब्लॉक २.५४ टनांचा. एका ब्लॉकमागे १६० किलो तूट, सहा ब्लॉकला जवळपास एक टन. शटरिंग फुगलं तर उलट जास्त भरतं, तेही नको, कारण टॉवर क्रेनलाही मागची बाजू आहेच. जवळच्या साखर कारखान्याच्या किंवा कुठल्याही प्रमाणित वजनकाट्यावर एकेक ब्लॉक तोलून घ्या आणि वजन रंगाने ब्लॉकवरच लिहा.

याहून मोठी चूक उभारणीत होते. काउंटर-जिब (ब्लॉक लावायचा मागचा हात) चढली की सगळे ब्लॉक एकदम लावून मोकळं व्हायची घाई असते. पुढची जिब (माल उचलणारा हात) अजून नाही, म्हणजे पुढे वजनच नाही. मास्टवर सगळी ओढ मागे. मॅन्युअलमध्ये जिबच्या आधी किती ब्लॉक लावायचे ते दिलेलं असतं. तेवढेच लावा, मग जिब, मग उरलेले ब्लॉक. उतरवताना बरोबर उलटा क्रम. मॅन्युअल नसेल तर उभारणी थांबवा, अंदाजाने काम नको.

प्रश्न (परभणी): काळ्या रानात १०० टनी टेलिस्कोपिक क्रेन उभी करायची आहे. जॅकखाली (क्रेनच्या टेकूच्या पायांखाली) किती स्लीपर (लाकडी ओंडके) लागतील?

उत्तर: समजा, क्रेन काउंटरवेटसह ७० टन, माल, हूक आणि स्लिंग मिळून १४ टन. प्राथमिक अंदाजाला एका जॅकवर एकूण वजनाच्या ७५ टक्के धरतात: ८४ पैकी ६३ टन. कोरड्या, घट्ट काळ्या मातीला चौरस मीटरला १५ टन धरले तर ४.२ चौरस मीटर टेकू हवा. पाऊस झाल्यावर ५ टनांच्या वर धरू नका, म्हणजे १२.६ चौरस मीटर. एवढं क्षेत्र स्लीपरने होत नाही. स्लीपर कितीही पसरले तरी कडेचे वाकतात आणि भार मधल्यांवरच राहतो.

म्हणून पावसाळ्यात, आणि खरं तर एरवीही, जॅकच्या जागी काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, बोल्डर सोलिंग आणि मुरूम थराथराने भरून रोलर फिरवा, त्यावर आडवे-उभे दोन थर स्लीपर आणि वर पोलादी प्लेट. उन्हाळ्यात वरचा पापुद्रा टणक दिसतो, पण भेगा खोलवर गेलेल्या असतात. बुजवलेली विहीर, केबलचा चर, शोषखड्डा कुठे आहे ते शेतमालकालाच विचारा. चराच्या कडेपासून चराच्या खोलीच्या दुप्पट अंतर ठेवा.

आणि चारही जॅकखाली सारखीच तयारी करा. मालाच्या बाजूला जाड थर आणि मागे दोन फळ्या, हे दृश्य नेहमीचं आहे. हूक रिकामा, बूम उभा आणि काउंटरवेट एका कोपऱ्यावर फिरवलेलं असताना सगळ्यात जास्त भार त्या मागच्या जॅकवर येतो. तो खचला की क्रेन मागे कलते. एक अंश कलली, तर ८० मीटर उंचीवरचं टोक १.४ मीटरने मागे जातं आणि बूमचा अडवणारा मोमेंट आणखी घटतो. क्रेन समपातळीत आहे का ते लावतानाच नव्हे, प्रत्येक अवजड उचलीनंतर पुन्हा बघा.

प्रश्न (जालना): एलएमआय (भार मोजून सावध करणारं क्रेनमधलं यंत्र) हिरवा दाखवत असेल तर वेगळा हिशेब कशाला?

उत्तर: बऱ्याच क्रेनमध्ये एलएमआयला मागे किती स्लॅब आहेत हे दिसत नाही, तुम्ही भरलेला कोड दिसतो. मागे ४० टन आणि कोड ६० टनांचा, तर तो चुकीच्या चार्टवर हिरवा दाखवत राहतो. शिफ्ट बदलली, स्लॅब काढल्या किंवा बूमचा सेक्शन बदलला, की दोघांनी मिळून स्लॅब मोजा आणि कोड पुन्हा भरा. मागे पडण्याची सूचना सगळ्याच एलएमआय देत नाहीत. तुमचा देतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा.