देवानं सृष्टी केली असं ख्रिस्ती मानतात. मग शेतात राबणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात त्यानं काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो थेट धुऱ्यापर्यंत येतो. बायबलच्या मते जमीन देवाची, माणूस तिचा राखणदार. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात 2:15 (म्हणजे अध्याय 2, वचन 15) मध्ये माणसाला बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामं दिली आहेत. चूक होते ती 1:28 मधला ‘सत्ता चालवा’ एवढाच शब्द उचलल्यानं. मग वाट्टेल तसं ओरबाडायला परवाना मिळाल्यागत वाटतं.

मालक आणि सालगडी दोघंही देवाच्या प्रतिरूपात घडलेले (1:27), म्हणून विसाव्याचा सातवा दिवस दोघांचा. बायबलमधलंच ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक (5:14) त्यात बैलालाही धरतं! ‘लेवीय’ हे पुस्तक (19:9-10) सांगतं, कापणी करताना शेताच्या कडा सोडा, सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. तूर सोंगताना तासाच्या टोकाची चार झाडं उभी ठेवणं, हेही माझ्या मते उपासनेइतकंच मोलाचं.

पाऊस दगा देतो तेव्हा ‘हे पापाचं फळ’ असं कुणी म्हणालं, तर बायबलच्या ‘मत्तय’ या पुस्तकातलं 5:45 दाखवा: देव नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो. नापिकीवरून शेजाऱ्याच्या श्रद्धेचं माप काढू नये.