बिअरचा भुसा, बुरशीची पेंड आणि लग्नातला भात: तुमचे प्रश्न

प्रश्न (संगमनेर): सर, टेम्पोवाला बिअर कारखान्याचा ओला भुसा आणून देतो, पेंडीपेक्षा लय स्वस्त पडतो. पेंड बंद करून हाच घातला तर?

उत्तर: दादा, पेंड पूर्ण बंद नका करू. ह्या भुशात 75-80 टक्के पाणीच असतं, म्हणजे 10 किलो घातला तरी कोरडा माल जेमतेम दोन-अडीच किलो जातो, त्यामुळे भाव काढताना त्या कोरड्या मालाचा काढा. तसं करूनही परवडतोय तर जरूर घ्या, बार्लीतला स्टार्च बिअरसाठी निघून जातो आणि प्रोटीन मागे राहतं, गाई खातात पण आवडीने. एका गाईला दिवसाला दोन किलोपासून सुरू करा, आठवडाभरात वाढवत न्या, 10 किलोच्या पुढे नको. यात कॅल्शियम कमी, म्हणून मिनरल मिक्श्चर चालूच ठेवायचं. ताज्या भुशाला गोडसर वास येतो, आंबट भपकारा आला किंवा बुरशी दिसली की सरळ उकिरड्यावर. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या वर उघडा ठेवू नका, माल जास्त आला तर ड्रममध्ये दाबून मुरघासासारखा हवाबंद भरा.

प्रश्न (बार्शी): पावसात सरकी पेंडीच्या पोत्यांना बुरशी आली. उन्हात वाळवून घालू का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नको. नुकसान होतंय ते कळतंय मला, पण उन्हाने वरची बुरशी वाळते, तिने पेंडीत सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तसंच राहतं आणि ते दुधात उतरतं, दूध उकळलं तरी जात नाही. घरातली लेकरं तेच दूध पितात ना. पुढच्या वेळी पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढीच पेंड भरा.

प्रश्न (कराड): मंगल कार्यालयातला उरलेला भात फुकट मिळतो. म्हशीला चालतो का?

उत्तर: मूठ-दोन मूठ कडबा कुट्टीत मिसळून, तोही आंबलेला नसेल तर. बादलीभर एकदम घातलात तर जनावर हातचं जाऊ शकतं, कारण भात पोटात झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं आणि रवंथ थांबतो. लग्नसराईत अशा केस दरवर्षी येतात आणि मालक म्हणतो "एकदाच घातला होता". जनावर खायचं थांबलं, शेण पातळ आणि आंबट वासाचं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टरला फोन लावा आणि किती भात खाल्लाय ते खरं सांगा.