उत्तर: कोचच्या बायोवर किती विसंबायचं?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचं आमचं जेवणाचं टेबल आठवलं. लेक आणि मी लॅपटॉपपुढे, आणि स्क्रीनवर हसऱ्या कोचचे चार फोटो. तुम्ही विचारलंय की ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या विमेन्स सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) टीमकडून मुलीला ईमेल आलीय, साइटवर सगळ्या स्टाफच्या बायो, म्हणजे ओळखीचे परिच्छेद, भारी दिसतात, त्यांच्यावर किती विसंबायचं. डिव्हिजन थ्रीला, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, खेळाची स्कॉलरशिप नसते, प्री-रीड (अर्जाआधी कॉलेजनं मार्क बघून दिलेला अंदाज) कधी होतं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा बघत वाढलेला माणूस, त्यामुळे फुटबॉलमधलं आपल्याला कळतं हा माज अंगात मुरलेला. नेमका तिथंच फसलो. हेड कोच कुठल्या कॉलेजकडून खेळल्या, ऑल-कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या लीगच्या निवडक संघात, किती वेळा आल्या, कोचिंगचं लायसन्स कुठलं, हे मला तोंडपाठ होतं. पण माझी मुलगी गोलकीपर, आणि चौथ्या फोटोतला गोलकीपर कोच पूर्ण वेळ नोकरीत आहे की कसं, हे मी एकदाही विचारलं नाही. फोटो आहे म्हणजे माणूस आहे, असं धरून चाललो.

ऑगस्टमध्ये प्रीसीझनला, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाला, तिला कॉलेजात सोडून न्यू जर्सीला परत आलो. आठवड्याभरात फोन. "बाबा, गोलकीपर कोच नाहीचेय." तो जूनमध्येच गेला होता. होता तेव्हाही मानधनावर, आठवड्यातून दोन संध्याकाळी यायचा. तिला वर्षभर ईमेल करणारा असिस्टंट तर ग्रॅज्युएट असिस्टंट निघाला, म्हणजे स्वतःच मास्टर्स करणारा विद्यार्थी. मे महिन्यात डिग्री हातात पडली, गडी पसार. त्याची चूक नाही म्हणा, त्या पदाची मुदतच तेवढी असते. मला ते पद कायमचं वाटलं होतं, एवढंच.

मग काय, दोघी कीपर मैदानाच्या कोपऱ्यात एकमेकींना बॉल मारत बसायच्या आणि शूटिंगची वेळ झाली की गोलमध्ये उभं राहून शॉट खायच्या. सप्टेंबरात तिनं व्हिडिओ पाठवला. डावीकडे झेप घेताना कोपर आधी जमिनीवर आपटत होतं. माझ्यासारख्या बघ्यालाही दिसलं ते, पण तिथं रोज बघून सांगणारं कुणी नव्हतं. कोपर सुजलं, तीन मॅचेस बाहेर बसली. मी ॲथलेटिक्स ऑफिसला तीन ईमेल केल्या. तिसरीला उत्तर आलं की कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आम्ही बोलू शकत नाही आणि साइट वेळोवेळी अद्ययावत केली जाते. त्या गेलेल्या माणसाचा फोटो दिवाळी होऊन गेली तरी पानावर हसत होता. अजूनही आठवलं की डोकं फिरतं. असो.

आता मी काय तपासलं असतं ते सांगतो. मी वकील नाही, सॉकरमधला तज्ज्ञ तर नाहीच. अमेरिकी शिक्षण खात्याची इक्विटी इन ॲथलेटिक्स नावाची साइट आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या फेडरल आर्थिक मदत योजनांत असलेल्या आणि खेळाच्या टीम चालवणाऱ्या, मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या कॉलेजांना दरवर्षी तिथं आकडे द्यावे लागतात. कॉलेजचं नाव टाका, सॉकर काढा, मुलींच्या टीमचे कोच पूर्ण वेळ किती आणि अर्ध वेळ किती ते दिसेल. बायोत 'असिस्टंट कोच' लिहिलेल्या तिघांपैकी पूर्ण वेळ एकही नाही, असंही निघू शकतं. आकडे मागच्या वर्षांचे असतात, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरं, जुने रोस्टर, म्हणजे टीमच्या खेळाडूंच्या याद्या, काढा. चार वर्षांपूर्वीच्या फ्रेशमनपैकी (पहिल्या वर्षाच्या) सिनियर (शेवटच्या वर्षाच्या) होईपर्यंत किती टिकल्या, ते बोटांवर मोजा. स्टाफचं जुनं पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, बऱ्याचदा सापडतं. दरवर्षी असिस्टंट बदललेला दिसला तर हेड कोचची बायो कितीही चकचकीत असो, मला तरी शंका येते.

लायसन्सबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. डी, सी, बी, ए ही अमेरिकी सॉकर फेडरेशनच्या लायसन्सची चढती उतरंड ठीक आहे, पण त्यावरून माणूस उद्या मैदानावर हजर असेल की नाही ते कळत नाही. एकच कोच मुलांची आणि मुलींची टीम सांभाळतोय म्हणून लगेच नाकही मुरडू नका. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे नावाजलेले कोच ॲन्सन डोरन्स कायद्याचं शिक्षण सोडून कोचिंगमध्ये आले, १९७९ पासून मुलींची टीम घेतली आणि १९८८ पर्यंत दोन्ही टीम चालवल्या. मुलींना २१ एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) विजेतेपदं मिळवून दिली. ते डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरचा गट, मान्य, पैसा वेगळा.

मुलीची आई म्हणून आणखी एक कराच. खेळातल्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या सेफस्पोर्ट सेंटरची कारवाई झालेल्यांची यादी खुली आहे, त्यात प्रत्येक कोचचं नाव टाकून बघा. कॉलेजचा खेळ त्यांच्या कक्षेत थेट येत नाही, पण बरेच कोच क्लबमध्येही शिकवतात. नाव नाही म्हणजे सगळं स्वच्छ, असंही नाही. अमेरिकी महिला सॉकरमधल्या गैरवर्तनावरच्या २०२२ च्या येट्स अहवालात व्यावसायिक लीगबद्दल हेच होतं, एका टीमने काढलेला कोच गाजावाजा न होता दुसरीकडे रुजू.

आयडी कॅम्पची (कॉलेजचे कोच खेळाडू हेरतात ती पैसे भरून करायची शिबिरं) आमंत्रणं सरसकट सगळ्यांना जातात, त्यानं हुरळून पैसे भरू नका. हे विषयाला सोडून झालं, पण आमचे गेलेत म्हणून सांगतो.

व्हिजिटला गेलात की हेड कोचना सरळ विचारा: ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी माझ्या मुलीला तिच्या जागेचं कोण शिकवणार, आणि त्यांचा करार कधीपर्यंत आहे? आणि मुलगी कुठल्या पोझिशनला खेळते ते तुम्ही लिहिलं नाहीये, तेवढं कळवा. कीपर असेल तर सविस्तर फोनवरच बोलू.