घरासाठी चूल केवढ्या मापाची घ्यावी? (पाच माणसं, रत्नागिरीजवळ घर, स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी)

कोकणात घर तापवायचं नसतं, त्यामुळे खोलीचं माप विसरा. आधी रोजच्या पातेल्याचा तळ मोजा. पाच जणांच्या भाताचं पातेलं साधारण 24 सेंमी असतं. त्याला चुलीचं वरचं तोंड 19-20 सेंमी पुरे. तोंड पातेल्याहून मोठं झालं की जाळ बाजूने निसटतो, लाकूड जास्त जातं आणि पातेल्याचे कान तापतात. पातेलं ठेवायचे तीन उंचवटे दीड-दोन सेंमीचे हवेत. ते फार बुटके असले तर धूर पुढून बाहेर येतो.

लाकूड घालायचं तोंड 12 × 12 सेंमी पुष्कळ. मोठं केलं की माणूस लाकडं कोंबतोच, हवा अडते आणि चूल धुमसते.

आंघोळीच्या पाण्याला मात्र वेगळी चूल घालाच, न्हाणीजवळ. 40 लिटरचा हंडा कढत व्हायला साध्या चुलीत बरंच सुकं लाकूड लागतं. तेवढा जाळ स्वयंपाकाच्या चुलीत केला तर भात करपेल. न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं, झावळ्या, पिढे (झावळीचे जाड देठ) सगळं खपतं.

धुराड्याचा पाइप 10 सेंमी व्यासाचा, कौलांच्या वर किमान 60 सेंमी आणि टोपीसकट. पातळ पत्रा खाऱ्या हवेत लवकर गंजतो, जाड घ्या. लाकडं मनगटाएवढी फोडून मे संपायच्या आत माळ्यावर चढवा. ओल्या लाकडाला कुठल्याच मापाची चूल पुरत नाही.