पैसे नाहीत म्हणून आमचं रेशन कापणार का?

प्रश्न: ताई, आम्ही हिंगोली जिल्ह्यातले शेतकरी, केशरी कार्ड आहे. आधी दोन रुपयाने गहू, तीन रुपयाने तांदूळ मिळायचा, मग ते बंद करून खात्यावर पैसे सुरू केले, ते पण कधी येतात कधी महिनोन्महिने पत्ता नसतो. आता ऐकतोय सरकारकडे पैसे नाहीत, मग आमचे १७० रुपये पण जाणार का?

उत्तर: दादा, खोटं कशाला सांगू, जाऊ शकतात. तुमची योजना कायद्यातली नाहीये, जीआरवरची म्हणजे नुसत्या शासन निर्णयावरची आहे, आणि जीआर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो फिरवायला. २०१५ साली दुष्काळ आणि आत्महत्या बघून मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य सुरू झालं, २०२२ मध्ये केंद्राच्या गोदामातून ते धान्य येणं थांबलं आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये आले, नंतर १७०. आता १७० भागिले ५ करा, किलोला ३४ रुपये. तुमच्या बाजारात ३४ रुपयात कुठला तांदूळ मिळतो, दळण-भाड्याचं काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. धान्य असतं तर भाव कितीही चढला तरी पाच किलो पाच किलोच राहिलं असतं, रोख रक्कम मात्र कोणी कात्री न लावताच दरवर्षी कमी होत जाते, आणि गंमत म्हणजे बजेटात ही कपात कुठे दिसतच नाही! म्हणून नुसतं "बंद करू नका" म्हणून भागणार नाही. रक्कम बाजारभावाला जोडा, नाहीतर धान्यच द्या, असा ग्रामसभेत ठराव घ्या आणि मार्चच्या बजेट अधिवेशनाआधी तहसीलला आणि आमदाराला द्या, पोहोच घेऊन. एप्रिलमध्ये जाऊन उपयोग नाही, तोवर आकडे पास झालेले असतात.

प्रश्न: २०२५ च्या गणपतीला आनंदाचा शिधा आलाच नाही. आता रेशनवरचे माणशी फुकटचे पाच किलो पण असेच बंद होतील का? (जालना)

उत्तर: असेच नाही होणार. शिधा ही राज्याची योजना होती, सणाला शंभर रुपयात रवा, डाळ, साखर, तेल, तिजोरीवर ताण आला की आधी असल्याच गोष्टी जातात. पाच किलो मात्र २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहेत, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डमागे ३५ किलो. फुकट देणं हा वेगळा निर्णय आहे, तो २०२८ अखेरपर्यंत आहे, पुढे पैसे लावले तरी तुमचा धान्याचा हक्क जात नाही. धान्य दिलंच नाही तर कायद्याने त्याऐवजी पैशात भत्ता द्यावा लागतो, हे दुकानदार कधी सांगणार नाही.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. किलो कमी करता येत नाहीत ना, मग माणसं कमी होतात. देशाचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर आहे, नंतर जन्मलेल्या पोरांची नावं लावायला गेलं की "इष्टांक संपला", म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली, असं ऐकायला मिळतं. या धान्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा खेड्यात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. रोज दीडशे रुपये मजुरी आणि वर्षात ३०० दिवस काम धरलं तरी ४५ हजार होतात, म्हणजे प्रामाणिक दाखला काढणारा मजूरच आधी बाहेर!

प्रश्न: आईचं वय ७८, अंगठा मशीनवर उठतच नाही. दुकानदार म्हणतो केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली नाही तर नाव कटणार. काय करू? (ठाणे)

उत्तर: मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी होते, "मेरा ई-केवायसी" अ‍ॅप आहे, आधी ते करून बघा. नाहीच झालं तर शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, तोंडी सांगितलेलं तिथे कोणाला आठवत नसतं. तरीही नाव गेलं तर तक्रार निवारण अधिकारी, त्यानंतर राज्य अन्न आयोग. १९६७ या हेल्पलाइनवर पण तक्रार नोंदवा. आणि हो, "या महिन्यात नको, गर्दी आहे" असं करत धान्य उचलायचं टाळू नका, सलग सहा महिने उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करायचा नियम २०२५ मध्ये आलाय.

प्रश्न: मुलगा पुण्याला कामाला आहे, त्याचा अंगठा गावात कसा द्यायचा? (लातूर)

उत्तर: गावात यायची गरज नाही, पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात आधार आणि कार्ड नंबर सांगून त्याची केवायसी होते. त्याच्या वाट्याचे पाच किलो पण तो तिथेच उचलू शकतो, उरलेलं तुम्ही गावात घ्या.