शेजारची खुर्ची आधी हलवा

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या डिसेंबरात तिनं जपानीची एन३ परीक्षा (एन५ सगळ्यांत सोपी, एन१ सगळ्यांत अवघड) १८० पैकी ११२ गुणांनी पास केली. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलेल्या एका जपानी बाईंना मराठी शिकायची आहे, म्हणून दोघींनी एकमेकींना शिकवायचं ठरवलं. दर शनिवारी त्या आमच्याकडे तासभर येतात. पण त्यातला अर्धा तास मराठीतच जातो! मीही एन४पर्यंत शिकलो आहे, त्यामुळे शेजारी बसून मुलीच्या चुका वहीत टिपतो. तरी ती दिवसेंदिवस कमीच बोलते. हे बंद करून एन२चा क्लास लावावा का?
— एक वडील, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या वहीपाशी अडकलो.

मुलगी कमी का बोलते, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. ती परक्या भाषेत एक वाक्य जुळवत असते, कर्त्यापुढे 'वा' हा प्रत्यय लावू की 'गा' म्हणून क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात शेजारी पेन चालू लागतं. मग ती ते वाक्य सोडून देते आणि नुसतं 'हाइ', म्हणजे 'हो', म्हणते, कारण 'हाइ'मध्ये चूक होत नाही. वहीतल्या चुका कमी झाल्या असतील, तर त्या ती बोलायची थांबली म्हणून. मुलीसाठी एन४पर्यंत शिकलेले वडील मी फार पाहिलेले नाहीत, तुमच्या तळमळीबद्दल मला आदरच आहे. पण येणाऱ्या बाईंचाही विचार करा. त्या गप्पांसाठी येतात आणि त्यांच्यासमोर कुणाची तरी तोंडी परीक्षा चाललेली असते. शनिवारी तो तासभर तुम्ही घराबाहेर पडा. नाहीतर दोघींना पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊ द्या. पुणे-ओकायामा मैत्रीची ही जपानी पद्धतीची बाग तुमच्याच रस्त्यावर आहे.

आता मराठीत 'जाणारा' अर्धा तास. त्या बाई म्हणजे फुकटची शिकवणी नव्हे. जेवढं घ्यायचं तेवढं द्यायचं, या बोलीवर ही जोडी उभी आहे. मराठीचा अर्धा तास काढून घेतलात तर महिनाभरात त्या यायच्या बंद होतील, आणि ते योग्यच असेल. शिवाय तुमच्या मुलीची खरी मेहनत त्याच अर्ध्या तासात होते. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यात फरक काय, असं त्यांनी विचारलं की काय सांगणार? जपानीत दोन्हीकडे 'वाताशिताची' चालतं. हा फरक जपानीतून समजावताना तिला जे शब्द शोधावे लागतील, ते कुठलाही क्लास तिच्याकडून काढून घेणार नाही. आपण घडाघडा बोलतो, ते पेरापेरा बोलतात. आपल्याकडे रिमझिम पाऊस, त्यांच्याकडे शितोशितो. अशी एक जोडी सापडली की दोघींचा चेहरा कसा खुलतो, ते पाहण्यासारखं असतं.

एन२चं म्हणाल तर जेएलपीटी, म्हणजे एन५ ते एन१ अशा पातळ्यांची ही जपानीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरात होते, क्लास लावा, अभ्यास केला तर होईल. पण एन५पासून एन१पर्यंत या परीक्षेत बोलण्याचा विभागच नाही. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, एवढंच. मुलाखत मात्र बोलूनच द्यावी लागते. एन२चं प्रमाणपत्र घेऊन आलेली आणि स्वतःची ओळख करून देतानाच अडकलेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. समोरचा बोलत असताना जपानी माणूस मधूनमधून 'हाइ', 'सो देस ने' ('हो ना') असा हुंकार देतो, त्याला आइझुची म्हणतात. त्यातला 'हाइ' म्हणजे 'ऐकतोय'. 'कबूल' असेलच असं नाही. ज्या दुभाष्याला हे कळत नाही, तो भर बैठकीत नसलेला होकार कळवून बसतो. ही जाण माणसासमोर बसूनच येते.

मुलीला एवढं सांगा. मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा, आधी एक भाषा, मग दुसरी, आणि सुरुवात कुठल्या भाषेनं हे दर आठवड्याला उलटं करायचं. विषय आदल्या दिवशी ठरवून ठेवायचा: बँकेत खातं उघडणं, डॉक्टरांना दुखणं सांगणं, असा रोजच्या उपयोगाचा. 'काहीतरी बोलू' म्हणून बसलं की तिसऱ्या शनिवारी हवापाणी संपतं आणि गाडी इंग्रजीवर येते. इंग्रजी शिरली की ही देवाणघेवाण मोडलीच म्हणून समजा. बोलताना मध्ये टोकायचं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकीनं दुसरीच्या चार-पाचच चुका सांगायच्या, आणि कुठल्या सांगायच्या हे दोघींनीच ठरवायचं.

एन२ या जुलैत द्यायची की डिसेंबरात, तेही तिलाच ठरवू द्या. आणि तुमची वही सध्या कपाटात असू द्या. तिनं मागितली तरच काढा.